छताकडे पाहणाऱ्यांच्या वतीने चार शब्द

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक, सन्माननीय डॉक्टरसाहेब; व्यासपीठावर ताठ बसलेल्या, आणि ज्यांना पाहून आपणही आपोआप ताठ बसतो, त्या उपचार विभागाच्या मोठ्या सिस्टर; त्यांच्या शेजारी अंग चोरून बसलेली आजची सत्कारमूर्ती, जिला हे सगळं रुग्णालय आधी माघारी आणि आता तोंडावरही ‘दिवेवाली’ म्हणतं; समोर जमलेले डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, वायरमनदादा, साफसफाई करणाऱ्या मावश्या, खाटेवरून घटकाभराची रजा काढून आलेले रुग्ण, आणि त्यांचे माझ्यासारखे हौशी नातेवाईक; बंधुभगिनींनो.

‘बंधुभगिनींनो’ म्हणालो खरा, पण अंदाजाने. इथे उभा राहिल्यापासून मला एकही बंधू किंवा भगिनी दिसलेली नाही. सभागृहाच्या त्या टोकाला वायरमनदादांनी मोठ्या प्रेमाने एक दिवा लावलाय आणि तो सरळ माझ्या चष्म्यात शिरतोय. जिने या इमारतीतल्या आजारी माणसांच्या डोळ्यांतले दिवे काढले, तिच्याच निरोपाला वक्त्याच्या डोळ्यांत दिवा. नाही नाही, तू बस. ही उठायला लागली बघा. सत्कारमूर्तीने आज कामाला हात लावायचा नाही, असा अध्यक्षांचा हुकूम आहे. आणि माझी तशी तक्रारही नाही. तुम्ही जांभया दिल्यात तरी मला दिसणार नाहीत. वक्त्याला आणखी काय हवं?

अडचण एकच आहे. पहिल्या रांगेत, कडेला, मी एक खुर्ची आमच्या हिच्यासाठी राखून ठेवायला सांगितली होती. ती आलीय की नाही, ते मला कळत नाही. आली असेल तर तिने जरा खाकरावं.

कोणीतरी खाकरलं. पण तो आवाज मिशीतून आला. असो.

निवेदकांनी मघाशी माझी ओळख ‘साहित्यिक’ अशी करून दिली. तो मुद्रणदोष समजावा. मी जन्मभर पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात मुद्रितं तपासली. इतर माणसं एकदा शाळेतून बाहेर पडतात ती पडतातच. मी मात्र दर वर्षी पहिलीत बसायचो आणि दहावीतून बाहेर यायचो. खिडकीशी टेबल, टेबलावर ओल्या शाईचा वास, आणि शेजारचा सहकारी मूळ प्रत खड्या आवाजात वाचतोय, विरामचिन्हांसकट: ‘चल पाखरा स्वल्पविराम, उजाडले पूर्णविराम.’ तो सहकारी आता नाही. तो छापखानाही नाही. तिथे म्हणे आता गाड्या धुतात. पण अजूनही पहाटे जाग आली की माझ्या तोंडून निघतं, ‘उजाडले पूर्णविराम’. आणि शेजारून आवाज येतो, “अहो, झोपा स्वल्पविराम.”

तर सांगायचा मुद्दा असा, की शाळेतल्या कविता मला नुसत्या पाठ नाहीत, त्या माझ्या हाडांत मुरल्यात. आणि त्या सगळ्या उजेडाच्या बाजूच्या आहेत. सूर्य उगवला, आनंद. चंद्र उगवला, आनंद. काजवा चमकला, तरी दोन कडवी आनंद. ‘उजेड आता पुरे झाला’ असं म्हणणारी कविता मी एकाही इयत्तेत तपासलेली आठवत नाही. ती मला आमच्या हिने शिकवली, आणि तीही गद्यात.

हिच्या रक्तात काही बिघाड निघाला. नाव मोठं आहे, ते साहेबांना शोभतं, माझ्या तोंडात बसत नाही. त्यावर औषध होतं आणि ते लागू पडत होतं, हे महत्त्वाचं. पण ते औषध शिरेतून द्यायचं, थेंबाथेंबाने, आणि तेवढा वेळ पाठीवर पडून राहायचं. दर पंधरवड्याला एक अख्खी दुपार. खाली तळमजल्यावरची ती उपचारांची खोली तुम्हाला माहीत आहे. ओळीने खाटा, प्रत्येक खाटेला सलाईनचा खांब, खांबाशेजारी एक स्टूल, आणि स्टुलावर एक नातेवाईक. हिच्या स्टुलावर मी. मी तिला कविता म्हणून दाखवायचो. तेवढाच विरंगुळा. तिचा की माझा, हे मी विचारलं नाही.

आणि एक दिवस ती म्हणाली, “मी आता जाणार नाही.”

कारण विचारलं. “नाही म्हटलं ना.” डॉक्टरांनी समजावलं. मुलाने फोनवरून समजावलं, सुनेने रडून समजावलं. सगळ्यांची खात्री, की आई औषधाला घाबरली. मी आशावादावरच्या मला येतील तेवढ्या कविता म्हटल्या. त्या संपल्यावर ती म्हणाली, “झालं? मग भाजी चिरा.”

पंधरवडा उलटला. मी इथे आलो, सिस्टरना सांगायला, की खाट दुसऱ्या कोणाला द्या. दार ढकललं. दुपारची जेवणाची वेळ, खोली रिकामी, आणि हिच्या खाटेवर एक मुलगी झोपलेली. पायात बूट, एक हात कपाळावर, डोळे छताला लावलेले. मनात आलं, एवढं तरुण पोर, आणि या खाटेवर.

मी जवळ जाऊन म्हटलं, “काय होतंय, बाळ?”

“डोकं दुखतंय.”

“सिस्टरना हाक मारू?”

“नको नको. त्या ओरडतील, बूट घातलेत. काका, मी पेशंट नाही. मला इथले दिवे बदलायचं काम दिलंय.”

“मग झोपलीस का?”

“काम करतेय.”

बंधुभगिनींनो, मी आयुष्यात कामचुकारपणाची पुष्कळ कारणं ऐकली, छापखान्यात तर काही मी स्वतः रचली. पण आडवं पडून, डोळे उघडे ठेवून, ‘काम करतेय’ म्हणणारी ही पहिलीच.

मग ती उठली, खाट झटकली आणि म्हणाली, “काका, तुम्ही झोपून बघता जरा?”

मी झोपलो. इतके महिने मी त्या खाटेशेजारी स्टुलावर बसलो होतो. स्टुलावरून काय दिसतं? भिंत दिसते, खांब दिसतो, आमची ही दिसते. खाटेवरून फक्त ट्यूब दिसते. बरोबर डोळ्यांवर, वीतभर इकडे नाही की तिकडे नाही. पांढरी फटक. मधूनच फडफडायची. तिच्या झाकणात मेलेल्या किड्यांची एक वसाहत होती आणि शेजारी छतावर ओलीचा एक तपकिरी डाग. डोळे मिटले तर ती ट्यूब पापण्यांतून लाल होऊन आत आली. कूस बदलावी, तर हातात सुई आहे असं धरून चालायचं, म्हणजे तेही नाही.

“किती वेळ पडायचं असतं इथे?” तिने विचारलं.

मी म्हटलं, “दुपारभर.”

“इमारत बांधली तेव्हा दिवे लावणारा माणूस शिडीवर उभा होता,” ती म्हणाली, “तपासणारा साहेब जमिनीवर उभा होता. आडवं कोणी झालंच नाही.”

मी तिला म्हटलं, “घरी चल. एका बाईंशी तुझी गाठ घालून देतो.”

आमच्या स्वयंपाकघरातला तो चहा मला शब्दन् शब्द आठवतो. मला तिथून हाकलण्यात आलं होतं, पण दाराला कान लावायला कोणी बंदी केली नव्हती. मुलीने औषधाचं काही विचारलंच नाही. तिने विचारलं, “काकू, तो छतावरचा डाग तुम्हाला कसा दिसतो?”

ही म्हणाली, “बदकासारखा. मान वळवलेलं बदक.” आणि मग धरण फुटावं तशी बोलत सुटली. “अगं, औषधाला कोण भितंय? सुईचंसुद्धा काही नाही. मला त्या ट्यूबचा राग येतो. डोळे मिटले तरी आत येते. दार लावलं तरी घरात शिरणाऱ्या पाहुण्यासारखी. डोकं उठतं, मळमळतं, आणि घरी आले की दोन दिवस तसंच. तोंडावर यांचा रुमाल टाकला, तर त्या सिस्टर येऊन ओढून घेतात. तोंड झाकायचं नाही, मला तुमचे ओठ दिसले पाहिजेत. त्यांचंही बरोबर आहे, औषध अंगावर उलटलं तर आधी ओठांवर दिसतं म्हणतात. पण मी काय करू?”

“हे तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत?”

“काय सांगू? म्हातारीला औषध नकोय आणि दिव्यावर ढकलतेय, असं म्हणतील. एवढे शिकलेले लोक जीव वाचवायला बसलेत, आणि मी सांगू, तुमची ट्यूब बोचते?”

बाहेर पडताना मुलगी मला म्हणाली, “काका, मला थोडा वेळ द्या.” आणि आतून ही ओरडली, “अहो, त्या दिवेवालीला डबा दिलाय, तो परत आणायचा बरं का.” ‘दिवेवाली’ हे नाव पडलं ते असं. पदवी तिला विद्यापीठाने दिली असेल, उपाधी आमच्या घरातून मिळाली.

आता मी तिच्या पराक्रमाकडे वळतो, आणि पराक्रम म्हटला की आधी फजिती आली. ही फजिती मी सांगू का, असं मी तिला परवा विचारलं. ती म्हणाली, “सांगा काका, नाहीतर सिस्टर सांगतील, आणि त्या जास्त रंगवून सांगतात.”

तिने साहेबांकडून परवानगी काढली आणि खोलीतल्या ट्यूब उतरवून गुलाबीसोनेरी दिवे लावले. काय तो उजेड. मी दारातच थबकलो. शाळेच्या शेवटच्या तासाला वर्गात जसं ऊन येतं, तसं सगळीकडे पसरलेलं. भिंती लाजल्यासारख्या. हिला मी समजूत घालून आणलं होतं. ती खाटेवर पडली, वर पाहिलं, आणि काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे पसंत. मला राहवेना. तिथल्या तिथे भुजंगप्रयातात दोन ओळी झाल्या:

गुलाबी उजेडात खोली नहाली,
जणू सांज भेटावया आज आली.

ही म्हणाली, “सांज येऊ दे. त्या सलाईनकडे लक्ष ठेवा, बाटली संपत आली.”

तो दिवस म्हणजे नुसता आनंदीआनंद. नातेवाईक एकमेकांना सांगताहेत, तुमचे बाबा किती टवटवीत दिसतात. तरुण डॉक्टर फेरीवर आले, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि ‘छान, छान, सुधारणा आहे’ म्हणत बाहेर पडले. ज्यांना आदल्या दिवशी सुधारणा नव्हती, तेसुद्धा खूश.

तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या. दारात उभ्या राहिल्या. नाक उडवलं. सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या एका गृहस्थांना, गोरेगुलाबी दिसत होते अगदी, त्यांना म्हणाल्या, “जरा चला माझ्याबरोबर.” हाताला धरून त्यांना बाहेर व्हरांड्यात नेलं, उन्हात उभं केलं. गृहस्थ पिवळेधमक. डोळ्यांच्या पांढऱ्यापर्यंत पिवळे. त्यांना कावीळ झाली होती आणि तिला आमच्या त्या सांजवेळेने गुलाबी करून टाकलं होतं.

सिस्टर परत आल्या आणि म्हणाल्या, “या उजेडात गेलेला माणूससुद्धा लग्नाला निघालेला दिसेल. ट्यूब लावा परत.”

सिस्टर, मान हलवू नका, हे तुमचेच शब्द आहेत.

ट्यूब परत लागल्या. गृहस्थांवर वेळेवर उपचार झाले, ते बरे झाले, आणि आज ते या सभागृहात असावेत. मघाचं ते खाकरणं त्यांचंच असेल. पण आमच्या हिने त्या संध्याकाळी घरी चप्पल काढता काढता सांगितलं, “बघितलं? एक दिवस सुख दाखवलं आणि काढून घेतलं. आता मला कोणी सांगू नका.” आणि दिवेवाली आमच्या पायरीवर बसून होती, डबा मांडीवर घेऊन. मी म्हटलं, “आत ये.” ती म्हणाली, “काकूंना तोंड कसं दाखवू?” आतून आवाज आला, “दाखव, दाखव. इथे साधाच दिवा आहे, जशी आहेस तशीच दिसशील.”

हसू नका. म्हणजे हसा, पण पुढचं ऐका. कारण आता येते ती या रुग्णालयाच्या इतिहासातली आडवी सभा.

फजितीनंतर साहेबांचं मत पडलं, की झालं तेवढं पुरे. साहेब, मी आपल्या परवानगीने आपलं वाक्य सांगतो. आपण म्हणाला होतात, “उजेड म्हणजे उजेड. दिसतंय ना? मग प्रश्न काय आहे?” सिस्टर त्या दिवशी साहेबांच्या बाजूच्या. त्यांचं म्हणणं एका ओळीचं: मला शीर दिसली पाहिजे आणि ओठ दिसले पाहिजेत, बाकी तुमची कविता घरी नेऊन लावा. हे माझ्याकडे बघून.

दिवेवालीने एवढंच मागितलं, की शेवटची बैठक उपचारांच्या खोलीत घ्यावी. आणि सगळ्यांनी आडवं होऊन घ्यावी.

मी नातेवाईकांचा प्रतिनिधी म्हणून हजर होतो, म्हणून साक्षीला आहे. दुपार होती, रुग्ण यायचे होते. पहिल्या खाटेवर साहेब. दुसऱ्या खाटेवर मोठ्या सिस्टर, आडव्या असूनही ताठ. तिसऱ्यावर वायरमनदादा; ते पडल्या पडल्या वरच्या ट्यूबच्या पट्टीकडे बघून म्हणाले, “हे कोणी लावलंय? वाकडं आहे.” मग आठवलं, त्यांनीच लावलं होतं. चौथ्यावर मी. हातांना प्रत्येकी एक दोरा, सलाईनच्या नळीच्या ऐवजी खांबाला बांधलेला, म्हणजे कूस बदलायची नाही. दिवेवाली मधल्या वाटेवर स्टुलावर बसून विषय वाचायला लागली, अगदी सावकाश, सलाईनच्या चालीने. मागील बैठकीचा वृत्तांत. त्यावर चर्चा. चर्चेवर चर्चा.

पहिले काही विषय धडाक्यात झाले. मग साहेबांचा आवाज जरा खाली आला. मग ते नुसतं ‘हं’ म्हणायला लागले. मग त्यांनी डोळे मिटले. मग उघडले. मग मोकळा हात कपाळावर धरला. आणि मग, कोणाच्या लक्षात यायच्या आत, छातीवरची फाईल उचलून त्यांनी तोंडावर पालथी घातली.

शेजारच्या खाटेवरून, छताकडे बघत, सवयीने, आवाज आला: “तोंड झाकायचं नाही.”

मी मान वळवून पाहिलं. सिस्टरांचं तोंड उघडंच राहिलं होतं. आपण कोणाला बोललो, हे त्यांच्या ध्यानात येत होतं हळूहळू.

फाईलच्या खालून साहेब म्हणाले, “सिस्टर, मग तो दिवा काढा की.”

आणि सिस्टर हसल्या. त्या हसतात हे मला माहीत नव्हतं. आधी खाट हलली, मग खांब हलला, मग वायरमनदादा हसले, आणि आम्ही सगळे, हाताला दोरे बांधलेले, छताकडे तोंडं करून लहान मुलांसारखे हसत सुटलो. त्या बदकाच्या डागाच्या साक्षीने ठराव झाला. सूचक आडवे, अनुमोदक आडवे. दिवेवाली तेवढी स्टुलावरून उठून उभी राहिली होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

पुढचं तुम्ही रोज बघता, म्हणून मी फार सांगत नाही. खाटेच्या वर आता दिवाच नाही. उजेड भिंतीवर पडतो आणि भिंतीवरून खोलीत येतो, शेजारच्या घरातून यावा तसा. तोंडाशी, उशीच्या बाजूला एक लहान दिवा, डोळ्यांत न जाणारा, पण ओठ ओठांच्याच रंगाचे दाखवणारा. तो रंग ठरवायला सिस्टरनी आठवडाभर आमची सगळ्यांची तोंडं, नखं आणि जिभा तपासल्या. वायरमनदादांना म्हणाल्या, “तुम्ही पाणी कमी पिता.” आणि शीर शोधायला सिस्टरांचा स्वतःचा दिवा, लवत्या दांडीवरचा, ओढला की हातावर येतो आणि सोडला की दूर जातो.

भांडण झालं ते बटणावरून. भिंतीवरचा उजेड कमीजास्त करायचं फिरतं बटण रुग्णाच्या हाताशी द्यायचं, असं दिवेवालीचं म्हणणं. सिस्टर म्हणाल्या, “आणि त्यांनी काळोख केला, म्हणजे?”

“तुमचे दोन दिवे तुमच्या ताब्यात आहेत, सिस्टर. भिंतीवरचा तेवढा त्यांचा.”

“पेशंट खेळत बसतील.”

“बसू देत. दुपारभर पडून राहतात. त्यांच्या हातात दुसरं काय असतं?”

सिस्टरनी खाटेच्या कठड्यावर बोट ठेवलं. “इथे लावा. उजव्या हाताला सुई असते, डावीकडे लावा.”

मग मी घरी गेलो. हिला म्हटलं, एकदा ये. औषध घेऊ नकोस, नुसती बघून जा. ती आली. खोलीत पाऊल टाकलं आणि पहिलं वाक्य काय बोलली? “माझं बदक कुठंय?” छत नवं रंगवलं होतं. “इतके दिवस सोबत होती त्याची,” म्हणाली. मग खाटेवर पडली. बटण फिरवलं, उजेड वाढला. फिरवलं, उतरला. वाढवला. उतरवला. शेजारच्या खाटेवरच्या आजीबाईंनी पाहिलं आणि त्यांनीही सुरू केलं. मग पलीकडच्या आजोबांनी. काही वेळ ती खोली म्हणजे काजव्यांचं झाड झालं होतं. सिस्टर ओरडल्या, “तो खेळ नाहीये.” आणि पाठ वळवून हसल्या, मी पाहिलं.

मग हिने बटण अगदी खाली आणलं आणि हात पुढे केला. “टोचा,” म्हणाली.

सुई गेली. थेंब पडायला लागले. मी स्टुलावर बसलो आणि पाखराच्या कवितेला सुरुवात करणार, तोच घोरण्याचा आवाज आला. बंधुभगिनींनो, ती झोपली होती. त्या खोलीत, त्या खाटेवर. ज्या उजेडाची मी जन्मभर गाणी गायली, तो उतरवल्यावर तिला झोप लागली. मी एकही ओळ म्हटली नाही. दुपारभर नुसता बघत बसलो. तिचे ओठ ओठांच्याच रंगाचे होते.

तो औषधाचा फेरा पूर्ण झाला. रक्त सुधारलं. आता गेल्या आठवड्यात साहेबांनी सांगितलं, की आणखी एक फेरा द्यावा लागेल, यापेक्षा लांबचा, आणि आजच्या तारखेपासून. तिने ऐकून घेतलं. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. घरात आठवडाभर ती गप्प आहे. तुम्ही हसताय, पण मुद्रितशोधकाला कोऱ्या पानाची जेवढी भीती वाटते तेवढी चुकांनी भरलेल्या पानाची वाटत नाही. सकाळी मी विचारलं, “जायचं का दुपारी खाली?” तिने कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या. “समारंभाला तरी येणार ना?” “बघते. तुम्ही व्हा पुढे.” म्हणून ती खुर्ची. मी स्वतःची समजूत घातली, की समारंभाला आली तर औषधालाही येईल. आणि मघापासून मी बोलतोय तो खरं म्हणजे त्या खुर्चीशी बोलतोय, आणि मला ती दिसत नाही.

अगं, तू कुठे निघालीस? साहेब, ही ऐकत नाही. सत्कारमूर्ती व्यासपीठावरून खाली उतरली आहे. पुष्पगुच्छ वायरमनदादांच्या हातात दिलाय. सांभाळ, ती वायर... हां. हां. वळवला.

अहाहा. भिंतीकडे वळवला. किती माणसं आहात हो तुम्ही. आणि किती चांगली दिसता. काविळीचे गृहस्थ, नमस्कार, तब्येत उत्तम दिसतेय, आणि या उजेडात ती खरी असणार.

खुर्ची रिकामी आहे.

असो. असो म्हणजे... मी थोडं पाणी घेतो.

काय म्हणता, सिस्टर? नाही, मोठ्याने म्हणा, सगळ्यांना ऐकू दे. बरं, मीच सांगतो. सिस्टर म्हणताहेत, “तुम्ही श्वास घेतलात तर मी सांगीन ना. काकू दुपारपासून खाली आहेत.” खाली म्हणजे? “खाली म्हणजे खाटेवर. नव्या फेऱ्याचं पहिलं सलाईन चालू आहे. एकट्या चालत आल्या. मी म्हटलं, आज वर समारंभ आहे, काका बोलणार आहेत, उद्या लावू. तर म्हणाल्या...”

म्हणा, सिस्टर, मी तयार आहे.

“म्हणाल्या, त्यांचं भाषण मी घरी आठवडाभर ऐकतेय, ते आरशासमोर करतात. त्यांना कमी करायचं बटण नाही. इथे आहे.”

टाळ्या तुम्ही बरोबर ठिकाणी वाजवल्यात. आज या सभागृहात एकच उत्तम भाषण झालं, आणि ते खालून झालं. आणि मी इथे उभा राहून सांगतो, की एवढ्या सुंदर रिकाम्या खुर्चीकडे पाहून बोलायचं भाग्य फार थोड्या वक्त्यांना मिळालं असेल.

दिवेवाली, तू आता दुसऱ्या गावी चाललीस, बाळंतपणाच्या खोल्यांचे दिवे करायला. तिथे पहिल्यांदा डोळे उघडणाऱ्यांना काही बोलता येणार नाही. बोचतंय म्हणून रडले, तरी लोक म्हणतील, रडणं हे निरोगी आहे. म्हणून त्यांच्यासाठी तूच आडवी हो, पोरी. बूट मात्र काढ; सगळीकडच्या सिस्टर सारख्याच असतात. आणि आमचा डबा अजून तुझ्याकडेच आहे. तो परत आणू नकोस. म्हणजे परत यायला कारण राहील.

अध्यक्षमहाराज, आपण मला बोलू दिलंत, आणि आपलं आडवेपण जाहीर करू दिलंत, याबद्दल आभार. सिस्टर, तुमचे आभार मी मानतो, शिस्तीत. श्रोतेहो, तुमचेही. बोलताना कोणाचा मान राहून गेला असेल, कोणाचं वाक्य माझ्या तोंडी जास्त रंगलं असेल, एखादा स्वल्पविराम चुकीच्या जागी पडला असेल, तर मुद्रणदोष समजून दुरुस्त करून घ्यावा. चहापानाला मला थांबवू नका. मला खाली जायचं आहे. सिस्टर सांगताहेत, तिने उजेड अगदी उतरवलाय, तेव्हा हळू जा, दार वाजवू नका आणि कविता तर मुळीच म्हणू नका.

नाही म्हणत. नुसता स्टुलावर बसेन. पूर्णविराम.